रिकाम्या पेटीचा विचार

घरच्या घरी संगणक जुळवणारा मनुष्य आपल्या अंदाजपत्रकाची वाटणी कशी करतो हे ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आल्याखेरीज राहत नाही. प्रोसेसर कोणता घ्यावा यावर तो आठवडेच्या आठवडे खल करतो, ग्राफिक्स कार्डासाठी कित्येक महिन्यांची बचत खर्ची घालतो, मदरबोर्डाच्या दोन नमुन्यांतील बारीकसारीक तफावत तोंडपाठ करतो; आणि हे सारे ठरून गेल्यावर जी काही रक्कम शिल्लक उरते तीत बसेल ते कॅबिनेट, दुकानदाराने पुढे सरकवताच, फारशी चौकशी न करता उचलतो. वस्तुतः या सर्व जिनसांत सर्वाधिक दीर्घायुषी जिन्नस कॅबिनेट हाच होय. प्रोसेसर चार-पाच वर्षांत मागे पडतो, कार्डाची किंमत त्याहून लवकर उतरते. परंतु पोलादी पत्र्याची ती पेटी विचारपूर्वक घडवलेली असेल, तर एकामागून एक येणाऱ्या दोन-तीन संगणकांना ती आश्रय देऊ शकते. म्हणूनच या पेटीच्या रचनेत एखादा नवा कारखानदार काही मूलगामी विचार घेऊन उतरतो, तेव्हा त्याच्या कार्याची दखल केवळ हौशी मंडळींच्या वर्तुळात न राहता सामान्य वृत्तपत्रांतूनही घेतली जावी, असे प्रस्तुत लेखकास मनापासून वाटते.

नवागताचे खरे भांडवल त्याच्या तिजोरीत नसते. जुन्या साच्यांचे ओझे त्याच्या खांद्यावर नसते, हेच त्याचे भांडवल. पत्रा कापण्याचे व वाकवण्याचे पोलादी साचे अत्यंत महाग असतात, आणि ज्या कारखानदाराने ते एकदा करवून घेतले त्याचा कल स्वाभाविकपणेच असा असतो की, सांगाडा तोच ठेवावा आणि दर्शनी भागावर नवे प्लॅस्टिक चढवून तो नवा नमुना म्हणून बाजारात आणावा. नवागतास ही वहिवाट चालवण्याचे कारण नसते. ‘ही वस्तू इथे का आहे?’ हा प्रश्न त्याला निर्भयपणे विचारता येतो. माझ्या मते अशा उत्पादकाची पारख करताना, त्याने पेटीत काय वाढवले यापेक्षा काय वगळण्याचे धाडस केले, आणि त्या धाडसाचे जे परिणाम झाले त्यांची जबाबदारी त्याने कशी पत्करली, हे दोन प्रश्न प्रथम विचारले पाहिजेत.

या दृष्टीने स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे 2007 साली स्थापन झालेल्या फ्रॅक्टल डिझाइन या संस्थेचे उदाहरण अभ्यसनीय आहे. आज ती नवी राहिलेली नाही. 2021 साली तिचे समभाग स्टॉकहोमच्या शेअर बाजारात विक्रीस आले, आणि तिच्या पेट्या आपल्याकडील मोठ्या शहरांतील दुकानांतही दिसतात. परंतु ती नवी असताना तिने जे केले, आणि प्रस्थापित झाल्यावरही नवागताची वृत्ती ज्या प्रकारे जपली, त्यातून आपल्या ग्राहकांस घेण्यासारखे पुष्कळ आहे.

तिच्यापुढील अडचण काय होती हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. इंटेलने 1995 साली एटीएक्स या नावाने एक मापनव्यवस्था जाहीर केली. तिच्यात मदरबोर्डाचे माप 305 बाय 244 मिलिमीटर ठरले, स्क्रूंच्या भोकांच्या जागा ठरल्या, साऱ्या भागांना वीज पुरवणारा एसएमपीएस कसा बसावा हेही ठरले. या दस्तऐवजामुळेच कोणत्याही कारखान्याचा मदरबोर्ड कोणत्याही कारखान्याच्या पेटीत बसू लागला, आणि घरी संगणक जुळवण्याची जी मुभा आज आपण गृहीत धरतो तिची सनदच जणू सामान्य माणसास मिळाली. या व्यवस्थेचे सामर्थ्य एवढे की, वाढत्या उष्णतेची सोय व्हावी म्हणून खुद्द इंटेलने 2004 च्या सुमारास बीटीएक्स ही नवी मांडणी पुढे केली, तरी बाजाराने ती स्वीकारली नाही आणि थोड्याच वर्षांत ती मागे घ्यावी लागली. तात्पर्य, नव्या उत्पादकास मदरबोर्डास हात लावता येत नाही. त्याला जे काही स्वातंत्र्य आहे ते मदरबोर्डाभोवतीच्या मोकळ्या जागेपुरतेच.

आणि ही मोकळी जागा तर जुन्या वस्तूंनी अडवलेली होती. सीडी ड्राइव्हसाठी सव्वापाच इंची खण, त्याखाली फ्लॉपीचा खण, त्याखाली हार्ड डिस्कचा पिंजरा, अशी ती उतरंड नेमकी पेटीच्या पुढच्या अंगास, म्हणजे बाहेरची थंड हवा जेथून आत यावयाची तेथेच उभी असे. पंधरा वॅटच्या आसपास वीज घेणाऱ्या 1993 सालच्या पहिल्या पेंटियमच्या काळात तिची कोणास अडचण वाटली नाही. परंतु 2022 साली एका प्रोसेसरची कमाल विजेची मर्यादा 253 वॅट आणि एका ग्राफिक्स कार्डाची 450 वॅट झाली, तेव्हा पेटीत घरगुती शेगडीची आठवण व्हावी इतकी उष्णता निर्माण होऊ लागली. ही वाट मोकळी करण्याचे श्रेय एकट्या फ्रॅक्टलचे नव्हे. कॅलिफोर्नियातील एनझेडएक्सटी या कंपनीने 2014 साली ‘एच440’ या पेटीत सव्वापाच इंची खण समूळ काढून टाकले आणि खाली एसएमपीएस व त्याच्या केबलींचा गुंता झाकणारे आच्छादन दिले. पुढे हे आच्छादन सर्वत्र रूढ झाले. त्याच्याही आधी तैवानच्या सिल्व्हरस्टोनने आपल्या ‘रेव्हन’ पेटीत मदरबोर्ड नव्वद अंशांत फिरवून, उष्ण हवा ज्या दिशेस स्वभावतःच जाते त्या वरच्या दिशेस केबली जोडण्याची सर्व मागील तोंडे करून दाखवली होती. ती रचना व्यवहारात मागे पडली, पण तिने उपस्थित केलेला प्रश्न मागे पडला नाही.

फ्रॅक्टलने आरंभी घेतलेला प्रश्न मात्र हवेचा नव्हता, शांततेचा होता. तिच्या ‘डिफाइन’ मालिकेतील पेटीचे दार उघडून आतल्या अंगास हात लावला की जाड, जड, काळसर पत्र्यासारखे अस्तर हातास लागते. बाजूच्या फळ्यांनाही तेच. पत्र्याचे कंपन आणि पंख्यांचा घोंघाट गिळून टाकणे हे त्याचे काम. वरच्या बाजूस पंखा बसवण्याच्या जागा झाकणांनी बंद केलेल्या असत. ज्यास पंखा हवा त्याने झाकण काढावे, ज्यास शांतता हवी त्याने राहू द्यावे. हार्ड डिस्कच्या खणांना रबरी चकत्या, केबली मागे नेण्याच्या भोकांना रबरी किनार, आणि बाहेरून पाहावे तर एक काळी, निरलंकार, सरळ रेषांची पेटी. ज्या काळी या धंद्यात पेटीला भडक दिवे आणि राक्षसी मुखवटे चढवण्याचा शिरस्ता होता, त्या काळी एका लहान, नवख्या संस्थेने असा संयम दाखवावा, ही गोष्ट मला आजही आदरणीय वाटते.

याच मालिकेतील एका लहानशा योजनेकडे वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधतो. एसएमपीएस खालून हवा ओढतो, म्हणून त्याखाली धूळ अडवणारी जाळी असते. कित्येक स्वस्त पेट्यांत ही जाळी मागच्या बाजूने ओढून काढावी लागते. म्हणजे टेबलाच्या कोपऱ्यात भिंतीलगत ठेवलेली दहा-बारा किलोंची पेटी, मागच्या साऱ्या केबली सांभाळीत, पुढे ओढावी, वळवावी, आणि मग वाकून जाळीस हात घालावा. हा खटाटोप कोणी करीत नाही. जाळीवर धुळीचा थर जमतो, हवा बंद होते, आणि दोष एसएमपीएसच्या माथी येतो. ‘डिफाइन आर5’ मध्ये हीच जाळी पुढच्या बाजूने, टेबलाच्या खणासारखी, अलगद बाहेर येते. जाहिरातीच्या चित्रात हा गुण दिसत नाही, विक्रेत्याच्या तोंडीही तो क्वचितच येतो. पण आपल्या मुलुखात, जेथे रस्त्याकडेच्या घरात आठ दिवसांत बोटाने अक्षरे काढता यावीत इतकी धूळ बसते, तेथे याहून मोठा उपकार कोणती पेटी करू शकेल, हे मला सुचत नाही.

तथापि शांततेच्या या ध्यासास एक मर्यादा होती, आणि ती आपल्या हवामानात विशेष जाणवणारी आहे. बंद दार आवाज अडवते तसेच वाराही अडवते. पेटीतील प्रत्येक भागाचे तापमान हे शेवटी खोलीच्या तापमानावर चढत असते; गोथेनबर्गच्या वीस अंशांच्या खोलीत जी पेटी निर्धास्तपणे चालते तीच मे महिन्यात नागपुरास, बेचाळीस अंशांच्या दुपारी, वीसहून अधिक अंशांचे ओझे घेऊन कामास लागते. शिवाय गेल्या दशकात पुढच्या अंगास अखंड काच लावण्याची जी लाट आली, तिने तर शांततेच्या लाभावाचून नुसती हवेची कोंडी केली. काच बाजूस असावी, त्याबद्दल माझी हरकत नाही. आपण जुळवलेले यंत्र डोळ्यांनी पाहण्याचा आनंद निर्मळ आहे. पण जेथून श्वास घ्यावयाचा तेथे काच लावून आतले पंखे रंगीत प्रकाशात फिरताना दाखवणे हा ग्राहकाशी केलेला अन्याय आहे, आणि तो अनेक नामांकित कारखानदारांनी वर्षानुवर्षे केला.

फ्रॅक्टलने 2021 साली आणलेली ‘टॉरेंट’ ही पेटी म्हणजे या अन्यायास दिलेले सडेतोड उत्तर होय. पुढच्या बाजूस दार नाही, काच नाही. उघडे जाळीदार तोंड आणि त्यामागे 180 मिलिमीटर व्यासाचे दोन भले मोठे पंखे. मोठा पंखा सावकाश फिरूनही तेवढीच हवा आत लोटतो, म्हणून शांततेचा जुना ध्यासही येथे सुटलेला नाही. परंतु सर्वांत धीट निर्णय एसएमपीएसविषयीचा होता. तो एके काळी वर असे. पुढे सर्वांनी तो खाली नेला आणि खाली असणे हीच सुधारणा असे मानले जाऊ लागले. टॉरेंटच्या रचनाकारांनी तो पुन्हा वर नेला. कारण साधे होते. तो खाली असला की तळाची सारी जागा त्याने व त्याच्या आच्छादनाने व्यापली जाते, आणि ज्या ग्राफिक्स कार्डाची उष्णता आज सर्वाधिक, त्याच्या पंख्यांना खालून मोकळी हवा मिळत नाही. तळ मोकळा झाला, तेथे आणखी तीन पंख्यांची सोय झाली, आणि कार्डास थेट थंड हवा पोहोचू लागली. जुन्या मराठी वाड्याच्या मधोमध चौक मोकळा सोडून बांधणाऱ्याने जागा वाया घालवली असे कोणी म्हणत नाही, कारण साऱ्या सोप्यांना आणि माजघरास त्याच मोकळेपणातून हवा मिळत असते. टॉरेंटच्या तळातील मोकळेपणाही त्याच जातीचा आहे.

पण येथेच आरंभी म्हटलेला दुसरा, जबाबदारीचा प्रश्न उभा राहतो. 2022 च्या आरंभी असे आढळून आले की, टॉरेंटमध्ये पंख्यांची जोडणी एकत्र करणाऱ्या छोट्या विद्युत्पट्टीत शॉर्ट सर्किट होण्याचा, आणि त्यामुळे प्रसंगी आग लागण्याचा संभव आहे. संस्थेने विक्री थांबवली, ज्यांच्या घरी ही पेटी आहे त्यांनी ती तत्काळ वापरणे बंद करावे असे जाहीर केले, आणि सदोष पट्टी बदलून देण्याची तजवीज केली. नव्या रचनेच्या मागे अशी संकटे असतातच. महत्त्व आहे ते ती कबूल करण्याच्या पद्धतीस. याच्या उलट, एनझेडएक्सटीची ‘एच1’ ही 2020 साली आलेली उभी, आटोपशीर, दिसण्यास अत्यंत देखणी पेटी पाहा. ग्राफिक्स कार्डाची जोडणी वळवून नेणारी जी पट्टी तीत होती, तिच्यातील स्क्रूचा विद्युत्प्रवाहाशी संपर्क येऊन आग लागण्याचा धोका निष्पन्न झाला. प्रथम उपाय म्हणून ग्राहकांस नायलॉनचे स्क्रू पाठवण्यात आले. दोष स्क्रूत नसून पट्टीच्या रचनेतच आहे, असे स्वतंत्र परीक्षकांनी प्रयोगानिशी दाखवून दिल्यावर आणि बरीच टीका झाल्यावर, 2021 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगामार्फत रीतसर परतबोलावणे झाले व पट्टीच बदलून देण्यात आली. दोन्ही पेट्यांचे दोष एकाच कोटीतले होते. पण एका ठिकाणी ‘आधी बंद करा’ हे पहिले वाक्य होते आणि दुसऱ्या ठिकाणी तिथवर पोहोचण्यास काही महिने गेले. ज्याच्या घरी रात्रंदिवस यंत्र सुरू असते, ज्याच्या टेबलाशेजारी मुले झोपतात, त्याला या अवधीचे मोल समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

एकट्या माणसालाही या क्षेत्रात केवढे काम करता येते याचे एक उदाहरण दिल्यावाचून पुढे जाववत नाही. 2016 साली जर्मनीतील एका तरुण रचनाकाराने लोकवर्गणीतून ‘डॅन ए4’ नावाची पेटी सिद्ध केली. तिचे आकारमान सुमारे सव्वासात लिटर. एवढ्या जागेत पूर्ण लांबीचे ग्राफिक्स कार्ड मावते, कारण ते मदरबोर्डावर काटकोनात उभे न राहता एका लवचीक केबलीच्या साहाय्याने मदरबोर्डाच्या पाठीमागे, त्याला पाठ लावून बसते. त्याच्याकडे कारखाना नव्हता. निर्मिती तैवानच्या लियन ली या जुन्या, अॅल्युमिनियमच्या कामात नावाजलेल्या कारखान्याने केली. पाठीस पाठ लावण्याची ती मांडणी आज डझनावारी लहान पेट्यांत दिसते. मोठ्या उत्पादकांनी नवागताची कल्पना उचलावी यात वावगे काही नाही, पण पहिला धोका कोणी पत्करला याची नोंद राहिली पाहिजे.

आता आपल्याकडील व्यवहाराचा मुद्दा. अशा पेट्यांची आपल्याकडील किंमत सामान्य कुटुंबास जड जाते हे निर्विवाद आहे. पेटी म्हणजे बहुतांशी आत कोंडलेली हवा, आणि समुद्रमार्गे आणताना त्या हवेचेही भाडे भरावे लागते. वर अठरा टक्के वस्तू व सेवा कर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील दुकानांत जो कॉलेजचा विद्यार्थी वडिलांनी दिलेली मर्यादित रक्कम घेऊन येतो, त्याने स्वीडनची पेटीच घ्यावी असा आग्रह मी धरणार नाही. परंतु त्या पेटीतील विचार मात्र त्याला फुकट उपलब्ध आहे, आणि स्वस्त पेटी निवडतानाही तो वापरता येतो. पुढचे तोंड उघडे आहे का, हे पाहावे. जाळी पुढून निघते का, हे दुकानातच काढून पाहावे. बाजूची फळी उघडून आतल्या पत्र्याच्या कडेवरून बोट हलकेच फिरवावे. किफायतीच्या नावाखाली जेथे कडा दुमडलेल्या नसतात तेथे जुळवणी करताना हात कापतो, आणि ज्याने कडा दुमडण्याची काळजी घेतली नाही त्याने इतर काळज्याही घेतलेल्या नसण्याचाच संभव अधिक. कोकणात राहणाऱ्याने रंगाच्या थराकडे विशेष बारकाईने पाहावे. पावसाळ्यातील दमट, खारट हवा न रंगवलेल्या पत्र्यास फार दिवस सोडत नाही.

फ्रॅक्टलने 2022 च्या अखेरीस आणलेल्या ‘नॉर्थ’ या पेटीने सौंदर्याचा प्रश्नही सोडवण्याचा यत्न केला आहे. तिच्या दर्शनी अंगास ओक किंवा अक्रोडाच्या खऱ्या लाकडाच्या उभ्या पट्ट्या आहेत, आणि पट्ट्यांमधील फटींतून हवा आत जाते. ही पेटी बैठकीच्या खोलीत पुस्तकांच्या कपाटाशेजारी ठेवली तर परकी वाटत नाही. संगणक हे व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांच्या अंधाऱ्या खोलीतले यंत्र आहे ही समजूत मोडून काढण्यास अशा एका पेटीने जे केले ते अनेक भाषणांनी झाले नसते. लाकूड आर्द्रतेने फुगते हे खरे, आणि रत्नागिरी किंवा पणजीच्या जुलैत त्या पट्ट्यांचे काय होईल ही शंका रास्त आहे. माझा कयास असा की, आपल्या सागवानाची आणि आपल्या सुतारकामाची परंपरा पाहता, हेच काम या मातीतला एखादा नवा कारखानदार या हवेस अनुरूप करू शकेल. पत्रा कापणारे आणि वाकवणारे कारखाने पिंपरी-चिंचवडला आहेत, लाकडाचे कसब कोकणात आहे. या दोहोंना एकत्र आणून आपल्या उन्हाळ्यासाठी आणि आपल्या धुळीसाठी आरंभापासून विचार केलेली पेटी निर्माण व्हावी, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

तोवर जो ग्राहक परदेशी नवागताची पेटी घेईल त्याने दोन गोष्टी अवश्य कराव्यात. जाळ्या, दर्शनी भागातील यूएसबीची केबल, पंख्यांची पट्टी हे सुटे भाग येथे मिळतील का, हे किंमत मोजण्यापूर्वी विचारावे. आणि मोघम होकार मिळाला तर तो पावतीवर लिहून घ्यावा. दुसरे, पेटीच्या खोक्यावरील अनुक्रमांक व पक्की पावती जपून ठेवावी आणि निर्मात्याच्या दफ्तरी आपले नाव रुजू करावे. पैसे वाचवण्यासाठी बिलाविना खरेदी करण्याची जी सवय आपल्या बाजारात खोलवर मुरलेली आहे, ती येथे प्रत्यक्ष धोक्याची ठरते. ‘वापरणे तत्काळ बंद करा’ असा निरोप निघतो तेव्हा घरचा पत्ता निर्मात्याकडे असला तर तो थेट दारी येतो. नसला तर तो कानी पडणे केवळ योगायोगावर अवलंबून राहते, आणि तोवर पेटीतले यंत्र चालूच असते.